‘लक्ष देत नाही’: दुसरीतल्या एका मुलाचे प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पालकसभेत दादूच्या आईच्या हातात शाळेने एक चिठ्ठी ठेवली. ‘वर्गात लक्ष नसते. सूचना पाळत नाही. शेजाऱ्याचे बघून लिहितो. अतिचंचलतेची तपासणी करून घ्यावी.’ घरात त्याला दादू म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. वय सात, इयत्ता दुसरी. घर सिडकोत. वडील अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये शिफ्टला जातात, आई घरी शिवणकाम करते, निफाडहून आलेली आजी सोबत राहते. शाळा विनाअनुदानित, सेमी-इंग्रजी, वर्गात पन्नासच्या आसपास मुले.

मी नाशिकमध्ये शाळकरी मुलांच्या अभ्यासातल्या अडचणींवर काम करते. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण ‘लक्ष देत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक पालकांनी तोवर शिकवणी लावलेली असते, मोबाइल काढून घेतलेला असतो, रागावून, समजावून, आमिष दाखवून झालेले असते. मुलाचे कान मात्र तपासलेले नसतात. आणि लहान वयात ऐकू कमी येणे हे वरकरणी बेफिकिरीसारखेच दिसते.

घरातली माहिती

आईचे पहिलेच वाक्य होते, “मॅडम, आजीचं सगळं ऐकतो, माझं ऐकत नाही.” स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी हा जागचा हलत नाही, आजीने एकदा म्हटले की उठतो. वडिलांचा निष्कर्ष ठरलेला होता: आजीने लाडावून ठेवला आहे.

आजी शेजारीच बसल्या होत्या. त्यांना स्वतःला थोडे कमी ऐकू येते, त्यामुळे त्या बोलतात ते खणखणीत आवाजात, आणि नातवाशी बोलताना त्याला जवळ ओढून, तोंडासमोर तोंड आणून. मी विचारले, “तुम्ही लांबून हाक मारली तर?” त्या म्हणाल्या, “लांबून कुठं येतो? जाऊन पाठीवर थाप मारावी लागते. थाप मारली की लगेच उठतो बिचारा. टीव्हीपण पार नाक लावून बघतो.” या प्रकरणातला पहिला खरा धागा आजींनी दिला. घरात कोणी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

दुसरा धागा शिकवणीच्या ताईंकडून आला. त्या इमारतीतच राहतात आणि दादूला एकट्याला, टेबलापाशी समोरासमोर बसवून शिकवतात. त्यांचे म्हणणे, “मुलगा हुशार आहे, माझ्याकडे सगळं करतो. शाळेत आळस करत असेल.” आता हे तीन अनुभव शेजारी ठेवून पाहा. मोठ्या आवाजात, जवळून बोलणाऱ्या आजींचे तो ऐकतो. शांत खोलीत, हातभर अंतरावर बसलेल्या ताईंचे ऐकतो. पंख्याच्या घरघरीत, पन्नास मुलांच्या गलक्यात, फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंचे ऐकत नाही, आणि मिक्सर चालू असताना आतून हाक मारणाऱ्या आईचेही ऐकत नाही. स्वभावातली चंचलता अशी अंतर आणि आवाज मोजून येत नाही.

मी आणखी तीन गोष्टी विचारल्या. झोपेत घोरतो का? हो, आणि तोंड उघडे ठेवून झोपतो. सर्दी किती वेळा होते? पावसाळ्यात सुरू होते ती थंडी संपेपर्यंत जात नाही. कान दुखतो, फुटतो का? नाही, कधीच नाही. या शेवटच्या ‘नाही’मुळेच कानाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. त्यातून जन्माच्या वेळी रुग्णालयात झालेल्या श्रवण तपासणीचा ‘पास’ लिहिलेला कागद फाइलमध्ये होता. ती तपासणी त्या दिवशीच्या कानांबद्दल सांगते. पुढे चौथ्या किंवा सातव्या वर्षी कानात काय होईल, त्याची हमी तिच्यात नसते.

श्रुतलेखनाची वही

पालकांना मी नेहमी मुलाच्या सगळ्या वह्या आणायला सांगते, कारण गुणपत्रिकेपेक्षा वही जास्त बोलते. दादूच्या मराठीच्या वहीत नोव्हेंबरातल्या एका पानावर बाईंनी घातलेले श्रुतलेखन होते. फूल, खडू, घागर, थंडी, भाकरी, झाड. दादूने लिहिले होते: पूल, कडू, गागर, तंडी, बाकरी, जाड. दहापैकी दोन गुण, आणि खाली लाल शाईत ‘लक्ष दे!’

त्याच वहीत दोन पाने आधी फळ्यावरून उतरवून घेतलेला उतारा होता. त्यात ‘भाकरी’ही बरोबर, ‘घागर’ही बरोबर, अक्षर गोल आणि ओळी सरळ. म्हणजे अक्षरे त्याला येत होती. मी पुस्तक उघडून वाचायला दिले तेव्हा ‘फ’ आणि ‘प’ यांतला फरक त्याने नीट केला. चूक फक्त कानांनी आलेल्या शब्दांत होत होती, आणि तीही एकाच जातीची: ख, घ, थ, फ, भ या अक्षरांतला जो श्वासाचा झोत असतो, तोच गळत होता. बोलताना हा भाग सगळ्यात हलका असतो. ऐकू येणे थोडे कमी झाले तरी शब्दाचा सांगाडा पोहोचतो आणि असा बारकावा वाटेत राहतो. शब्दांची शेवटची अक्षरे, ‘ला’ की ‘ना’, ‘त’ की ‘तं’, हेही तसेच.

एका पानावरून निदान होत नाही. अक्षरांच्या अशा गोंधळामागे वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता असू शकते, बोलीचा प्रभाव असू शकतो. म्हणून मी वहीची पाने तारखेनुसार लावली आणि शेजारी शाळेची डायरी ठेवली, ज्यात आईने आजारपणाच्या रजांच्या नोंदी केल्या होत्या. जून-जुलैतली श्रुतलेखने चांगली, आठ-नऊ गुणांची. ऑगस्टच्या मध्यापासून घसरण. सप्टेंबरात एक बरा आठवडा, पुन्हा सर्दीची रजा, पुन्हा घसरण. सर्दी आणि चुका हातात हात घालून चालल्या होत्या. शाळेला मात्र या चढउताराचा वेगळाच अर्थ लागला होता: ‘मनात आले की करतो, नाही तर करत नाही.’ कधी येते, कधी येत नाही, हे पाहून मुलावर जो संशय घेतला जातो, त्याने मुलाचे फार नुकसान होते. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे ही लबाडी नव्हती. बाईंनी कोणते पान काढायला सांगितले ते न कळलेल्या मुलाने शोधलेला तो मार्ग होता.

शेवटी मी खेळ म्हणून दादूच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिले, एका कानाच्या पाळीसमोरच्या उंचवट्यावर बोट फिरवत ठेवले आणि दुसऱ्या बाजूने कुजबुजत्या आवाजात आकडे-अक्षरे म्हटली. ‘चार, क, सात.’ त्याने वळून माझ्या ओठांकडे पाहिले. “वळायचं नाही,” म्हटल्यावर गप्प राहिला. दोन्ही बाजूंनी निम्मेही जमले नाही. घरी कोणीही करू शकेल अशी ही चाळणी आहे. तीत मूल अडखळले तर तज्ज्ञांकडे जायचेच. मात्र ती जमली म्हणून आधीची शंका सोडून द्यायची नाही.

कानात काय झाले होते

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले. दोन्ही पडदे आत ओढलेले, निस्तेज, पिवळसर, आणि एका पडद्यामागे हवेचा बुडबुडा दिसत होता. पडद्यामागे चिकट द्रव साचला होता. पडद्याची हालचाल मोजणाऱ्या टिम्पॅनोमेट्रीत डोंगरासारखी यायला हवी ती रेघ दोन्ही बाजूंना सपाट आली. कमीत कमी किती आवाज ऐकू येतो ते मोजणाऱ्या ऑडिओमेट्रीत उजवा कान ३५ डेसिबल, डावा ३० डेसिबल; आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी.

या आकड्यांचा अर्थ पालकांना समजावून सांगणे मला फार गरजेचे वाटते, कारण ‘सौम्य’ हा शब्द ऐकला की घरात सुस्कारा टाकला जातो. कुजबुज साधारण ३० डेसिबलची असते, मीटरभर अंतरावरचे नेहमीचे बोलणे ६०च्या आसपास. दादूला ६०चे बोलणे पंचवीस-तीसचे होऊन पोहोचत होते. त्यात अंतर वाढले की आवाज आणखी पडतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी. वर्गात त्यावर पंखा, बाके सरकवण्याचा आवाज आणि रस्त्यावरचे हॉर्न. सौम्य दोष असलेले मूल सातव्या बाकावर बसले की त्याच्यासाठी शाळेतला बराचसा दिवस पुसट होऊन जातो.

द्रव का साचतो? नाकाच्या मागच्या पोकळीतून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते आणि तिथली हवा खेळती ठेवते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीने, ॲलर्जीने ती सहज बंद होते. या वयात नाकामागची ॲडेनॉइडची गाठही मोठी असते. दादूच्या एक्स-रेत ती चांगलीच वाढलेली दिसली. घोरणे आणि उघडे तोंड त्यामुळेच. हवा बंद झाली की पडदा आत ओढला जातो आणि मागे पाणी धरते. मोठ्यांना सर्दीत कानात दडे बसतात ते दोन दिवसांनी सुटतात. या मुलांचे दडे आठवडेच्या आठवडे बसून राहतात, आणि दुखत नसल्याने, ताप नसल्याने मूल तक्रार करत नाही. बरोबर ऐकू येणे कसे असते, तेच ते विसरून जाते.

आजींनी लसूण घातलेले कोमट तेल कानात सोडायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी ते प्रेमाने पण ठामपणे थांबवले. द्रव पडद्याच्या आतल्या बाजूला असतो, तिथपर्यंत तेल पोहोचतच नाही. आणि पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो.

तीन महिने थांबायचे

पालकांच्या दृष्टीने हा भाग सगळ्यात अवघड होता. डॉक्टरांनी प्रतिजैविके दिली नाहीत. साचलेल्या द्रवावर त्यांचा भरवशाचा उपयोग होत नाही, सर्दीच्या नेहमीच्या गोळ्यांचाही होत नाही. बहुतेक मुलांत हा द्रव साधारण तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून आधी तेवढे थांबून पुन्हा मोजणी करायची असते. ॲलर्जीसाठी नाकातला फवारा आणि घरातला धूर बंद, एवढेच ठरले. तंबाखूच्या धुराने मुलांच्या कानाचा हा त्रास वाढतो हे पक्के माहीत आहे. वडिलांची सिगारेट गॅलरीत असली तरी धूर खोलीत येत होता. ती सुटली. डासांची कॉइलही गेली, मच्छरदाणी आली.

वडील चिडले. “दोष सापडलाय आणि औषध नाही म्हणता. तीन महिने नुसतं बघत बसायचं?” त्यांच्या मनात अजूनही शंका होती की पोरगा थोडाफार तरी बहाणा करतो आहे. मी त्यांना कंपनीत वापरतात ते कानातले प्लग आणायला सांगितले. प्रेसच्या दणदणाटासाठी दिलेले ते प्लग नीट बसवले तर ढोबळमानाने दादूच्या कानांइतकेच ऐकणे कमी करतात. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवले, पंखा पूर्ण वेगात सोडला, आईला शिलाई मशीन चालवायला सांगितले, आणि पाठ करून नेहमीच्या आवाजात श्रुतलेखन घातले. पहिल्या शब्दाला त्यांनी मान वर केली, दुसऱ्याला पुढे झुकले, चौथ्या-पाचव्या शब्दाला पेन खाली ठेवून दादूच्या वहीकडे बघू लागले. त्यांच्या कागदावर ‘पूल’ होते. प्लग काढल्यावर ते एवढेच म्हणाले, “हा असा पाच तास बसतो?” त्यानंतर घरात बहाण्याचा विषय निघाला नाही.

थांबायचे ते उपचारांपुरते. शाळा थांबत नाही, म्हणून तिथे लगेच बदल हवे होते. वर्गशिक्षिकेला आईने तपासणीचा आलेख नेऊन दाखवला. चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती, पण आलेख पाहिल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी जागा बदलली. पुढून दुसरे बाक, रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब, पंख्याच्या थेट खाली नाही, बरा असलेला डावा कान बाईंच्या बाजूला. अगदी पहिले बाक मी मुद्दाम टाळते, कारण तिथून मुलाला इतर मुले काय करत आहेत ते दिसत नाही आणि बाई वर्गात फिरल्या की त्या मागे जातात. फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही, गृहपाठ तोंडी सांगून सोडायचा नाही तर लिहायचा, श्रुतलेखन घालताना त्याच्या बाकाजवळ उभे राहायचे. आणि “समजलं का?” असे विचारायचे नाही, कारण त्याला प्रत्येक मूल “हो” म्हणते, काय सांगितले ते त्यालाच सांगायला लावायचे. घरी एकच नियम: बोलण्याआधी त्याच्यापाशी जायचे, टीव्ही बंद करायचा, तो बघतो आहे याची खात्री करायची. आजी हे आधीपासून करतच होत्या.

या बदलांना खर्च नाही, प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्राचे मुद्दाम सांगते, कारण काही शाळा ‘अपंगत्वाचा दाखला आणा, मग सवलत देऊ’ म्हणतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णदोषाची व्याख्याच दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून सुरू होते. ३५ डेसिबलच्या मुलाला दाखला मिळणार नाही आणि तो मागूही नये. बसायची जागा बदलायला ऑडिओमेट्रीचा आलेख पुरेसा आहे. अतिचंचलतेच्या तपासणीचे म्हणाल तर ती काही मुलांना खरोखर लागते आणि तिला घाबरू नये. फक्त कान आणि डोळे तपासून झाल्यावर, हा क्रम ठेवावा.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतर

एप्रिलमध्ये पुन्हा मोजणी झाली. डाव्या कानात थोडा फरक, उजव्यात काही नाही, दोन्ही रेघा अजून सपाट. एका वर्षाचा अभ्यास हातातून गेलेला आणि गाठ मोठी, म्हणून डॉक्टरांनी ॲडेनॉइड काढून दोन्ही पडद्यांत ग्रोमेट बसवायचा सल्ला दिला. ग्रोमेट म्हणजे दोनेक मिलिमीटरची नळी. पडद्याला बारीक छेद देऊन द्रव ओढून घेतात आणि ती तिथे बसवतात, म्हणजे मधल्या कानाला बाहेरून हवा मिळत राहते. साधारण सहा महिने ते वर्षभरात, कधी थोडे उशिरा, ती आपोआप गळून पडते. भूल पूर्ण द्यावी लागते, आणि पालकांचा जीव अडकतो तो त्या भुलेत. भूलतज्ज्ञांना आधी भेटून सगळे विचारून घ्यावे. शाळा बुडू नये म्हणून मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि दादू कानांवर हात ठेवून बाहेर पळाला. मिक्सर नको म्हणाला. दुपारी आजींना म्हणाला, “आजी, हळू बोल ना.” आई फोनवर हे सांगताना हसत होती आणि रडतही होती.

आजींच्या मनात सिंहस्थ होता. २०२६-२७च्या पर्वणीत नातवाला रामकुंडावर डुबकी घालायची त्यांची इच्छा. ग्रोमेट असेपर्यंत नदीच्या पाण्यात डोके बुडवायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. अंघोळीला साबणाचे पाणी कानात जाऊ नये म्हणून व्हॅसलीन लावलेला कापूस. गोदावरीचे पाणी तळहातावर घेऊन डोक्याला लावले तरी चालेल, यावर आजी राजी झाल्या.

ऐकू येऊ लागले तरी राहून गेलेला अभ्यास आपोआप येत नाही, हे पालकांना आधीच सांगावे लागते, नाही तर जूनमध्ये पुन्हा ‘आता तर ऐकू येतं ना’ सुरू होते. दादूची जोडाक्षरे कच्ची होती, हातच्याची वजाबाकी त्याने ऐकलीच नव्हती, आणि मनात बसले होते की आपल्याला जमत नाही. सुट्टीत आईने पोळ्या लाटताना रोज थोडा वेळ एक खेळ घेतला. ती पाठमोरी राहून एक शब्द म्हणणार, तो दोन चित्रांपैकी एक उचलणार: पूल-फूल, काट-खाट, बात-भात, डोल-ढोल. नाशिकच्या पोराला ढोल चुकणार नाही, अशी वडिलांची पैज असायची. मग तेच शब्द लिहायचे. त्यानंतर आजींना रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची, कारण आजींना ऐकू जाईल असे वाचायचे तर प्रत्येक अक्षर स्पष्ट काढावे लागते.

एक गोष्ट मला या प्रकरणात टोचत राहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा आरोग्य तपासणी होते, आणि कानाचे दोषही त्या यादीत आहेत. दादूची शाळा विनाअनुदानित. ते पथक तिथे येत नाही. फी भरणाऱ्या पालकांचा समज असतो की शाळा सगळे बघते. तर अशा शाळांच्या पालकांनी पालक-शिक्षक संघात ही मागणी लावून धरावी, आणि तोवर मुलाचे कान, डोळे, दात वर्षातून एकदा स्वतः तपासून घ्यावेत. खासगी खर्च झेपत नसेल तर त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात, आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहेत. ऑडिओमेट्रीच्या आलेखाची प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी, कारण पुढच्या मोजणीची तुलना तिच्याशीच होते.

तिसरीच्या पहिल्या सत्रातल्या मोजणीत दोन्ही कान १५ डेसिबलच्या आत आले. श्रुतलेखनात सात-आठ गुण पडतात, ‘थ’ अजून अधूनमधून निसटतो. डाव्या कानातली नळी पडद्यावरून सुटून बाहेरच्या नळीत आली आहे, उजवी जागेवर आहे. नळी गळाल्यावर काही मुलांत द्रव पुन्हा साचतो, म्हणून दर काही महिन्यांनी तपासणी आहे, आणि थंडीत सर्दी झाली की आई पुन्हा पाठीमागून आकडे कुजबुजते. तिसरीला वर्गशिक्षिका बदलल्या. शाळेत आतली माहिती पुढे जाईलच असे धरून न बसता आईने पहिल्याच आठवड्यात एक पानाची चिठ्ठी दिली: कानात ग्रोमेट आहे, पुढून दुसरे बाक हवे, सर्दीच्या दिवसांत कमी ऐकू येऊ शकते, तेव्हा सूचना लिहून द्याव्यात, आणि श्रुतलेखनात अचानक चुका वाढल्या तर मला त्याच दिवशी फोन करावा. खाली तिचा मोबाइल नंबर, सोबत आलेखाची झेरॉक्स.